इंदरअक्काची झील

माझ्या नातवाच्या मुलीचं बारसं झालं ते साल २०४३. कानात नाव सांगायला मुलीची आत्या मस्कतहून यायची होती, पण तिचं विमान तिकडंच अडकलं, म्हणून तो मान माझ्या थोरल्या जावेला, इंदरअक्काला दिला. अक्का तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तशीच राहिली. तिच्या पाठीत बुक्के घालायला बायका हात उचलून उभ्या.

"सांगा की अक्का नाव," मी म्हणाले. "का पोरगी शाळंत गेल्यावर सांगताव?"

बायका हसल्या. अक्काने मान वर केली तेव्हा तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

"ती ती ती," ती म्हणाली.

तासाभरात आम्ही लातूरच्या रुग्णालयात होतो. मेंदूतली गुठळी डॉक्टरांनी मांडीतून तार घालून काढली. अक्का वाचली. चौथ्या दिवशी उठून बसली, आठव्या दिवशी चालली, महिन्यात उजव्या हाताने भाकरी मोडू लागली. बोलणं मात्र आलं नाही. तिला सगळं कळायचं, आणि तोंडातून फक्त "ती ती ती". पाणी हवं तरी ती ती. मी चुकीचं लुगडं आणलं तरी ती ती, फक्त जरा मोठ्यानं.

अक्काचं बोलणं गेलं म्हणजे काय गेलं ते आमच्या गावाला विचारा. ग्रामसेवक तिच्या दारावरून जाताना बंद फोन कानाला लावून जायचा, इतका त्या तोंडाचा धाक. रडक्या सुनेला हसवणारं आणि हसऱ्या पुढाऱ्याला रडवणारं तोंड होतं ते.

आम्ही दोघी आराधी. तुळजापूरच्या देवीची गाणी म्हणणाऱ्या बायकांना आमच्याकडे आराधी म्हणतात. गाण्याची रीत अशी, की एक बाई पुढे उभी राहून ओळ उचलते आणि अर्ध्यावर सोडते. मागच्या बायका उरलेली अर्धी ओळ घेतात. त्याला झील म्हणतात. माझा आवाज चढा, म्हणून मी धाकटी असून पुढे आणि अक्का थोरली असून झिलेला. पस्तीस वर्षं मी ओळ सोडत होते आणि ती झेलत होती. घरात शेवटचा शब्द तिचा, आणि गाण्यातही तिचाच.

झिलेला आणखी एक काम असतं. पुढची बाई चुकली, एखादं कडवं गाळून गेली, तर झील द्यायची नाही. तोंड मिटून घ्यायचं आणि तिला थांबवायचं. देवीचं गाणं चुकीचं पुढे गेलं तर दोष झीलकरणीला लागतो, असं आम्ही मानतो.

रुग्णालयात एक नवं यंत्र आलं होतं. त्याचं नाव स्वरवाट. दिसायला साधी कानटोपी, आतून केसाएवढ्या बारीक तारा, आणि समोर एक पडदा. ते चालवणाऱ्या डॉक्टर नाझनीन पटेल औशाच्या. पस्तिशीची बाई, बोलायला आमच्यासारखीच. त्यांनी मला आणि अक्काच्या मुलाला, संदीपानला, समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

"आजी, बोलायचं काम डोक्याच्या डाव्या अंगाला चालतं," त्या म्हणाल्या. "गुठळीनं तुमच्या जावेचं तेच अंग मारलंय. पण गाणं दोन्ही अंगांत राहतं. सूर, ठेका, आणि सुरात बसलेले शब्द उजवीकडंही असतात. एक शब्द बोलता न येणारा माणूस अख्खं गाणं म्हणतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिलंय. ही टोपी दोन कामं करते. अंगात मुरलेलं गाणं कानावर पडलं की उजवीकडं नेमका कुठं उजेड होतो ते दाखवते. आणि तो शब्द ओठावर यायच्या ऐन क्षणाला, तिथून तोंडापर्यंतच्या वाटेवर बारीक टिचकी मारते. आवाजाचीच टिचकी, पण कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची. शंभरदा, पाचशेदा. माणसं चालून चालून रानात पायवाट पडते ना, तशी डोक्यात वाट पडते. मग आम्ही सूर हळूहळू काढून घेतो. शब्द मागं राहतो."

"आन् उजेड झालाच नाही तर?" संदीपानने विचारलं.

"तर टिचकी कुठं मारू?"

मार बसल्यावर पहिले नव्वद दिवस मेंदू ओल्या मातीसारखा असतो, पुढे घट्ट होत जातो, असंही त्यांनी सांगितलं. अख्ख्या विभागात टोप्या चारच. एका माणसाला बारा बैठका. बारा बैठकांत उजेड दिसला नाही तर टोपी पुढच्या माणसाला.

मी तर उडालेच! "बारा कशाला बाई? अक्काला दोन बास हैत. दोनशे बारा गाणी हैत माझ्यापाशी!"

आणि खरंच होती. सत्तावन्नाव्या वर्षी मी गावातल्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले होते. नव्या अक्षरांची हौस दांडगी. माझी अर्धी ओळ मी लिहायची, उरलेली अक्का सांगायची, अशी दोनशे बारा गाणी आम्ही वह्यांत उतरवली होती. त्या वह्या बघून २०३५ साली शहरातली काही मंडळी आली आणि मला काचेच्या खोलीत बसवून सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. तीच मी डॉक्टरांच्या हवाली केली.

पहिल्या बैठकीला अक्काला टोपी घातली. माझा आवाज खोलीत घुमला. आम्ही पडद्याकडे डोळे लावून बसलो. उजव्या बाजूला काजव्याएवढा उजेड झाला आणि विझला.

"होतंय, होतंय," मी म्हणाले.

दुसऱ्या बैठकीला काजवा, तिसऱ्या बैठकीला काजवा. मग डॉक्टरांनी भजनं लावली, अंगाई लावली, अक्काच्या तरुणपणातली सिनेमाची गाणी लावली. काही नाही. पुन्हा माझी गाणी. पुन्हा काजवा. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्यावर दुसरी टोपी चालू होती. तिसऱ्याच दिवशी शाळेच्या प्रार्थनेवर त्यांचा उजेड पेटला आणि दहाव्या दिवशी ते नर्सला "गप बस" म्हणाले. इतका आनंद झाला त्यांच्या घरच्यांना की पेढे वाटले.

"काकू, आईला ही गाणी तोंडपाठ हैत," संदीपान मला म्हणाला. "टोपीच बिघडलेली असंल."

"टोपी बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "उद्या बारावी बैठक. शहाऐंशीवा दिवस. परवा ही टोपी नांदेडला जाईल. तिथं एक बाई थांबलीय, तीन लेकरांची आई. माझ्या हातात नाही आजी."

त्या दुपारी मी अक्काला घेऊन रुग्णालयाच्या पडवीत बसले. तिला पेरू कापून दिला. दुसरं काय करायचं सुचेना, म्हणून फोनवर माझंच गाणं लावलं. अक्का पेरू खायची थांबली. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला ते दिसलं.

ओळ अर्ध्यावर आली की अक्काची छाती भरायची. खांदे वर यायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची. आणि फोनमधला माझा आवाज न थांबता पुढची अर्धी ओळही घेऊन टाकायचा. अक्काचा श्वास तसाच सुटायचा. पुढची ओळ, पुन्हा छाती भरली, पुन्हा मी तिच्या वाट्याचं म्हणून टाकलं. मी चार गाणी लावून बघितली. प्रत्येक ओळीला तेच.

अकरा दिवस आम्ही हिला एकसारखं बोलवत होतो आणि तिनं तोंड उघडायच्या आत दार लावून घेत होतो!

काचेच्या खोलीतली गोष्ट मला आठवली. तिथला मुलगा म्हणाला होता, "मावशी, मागच्या आवाजानं शब्द पुसट येतात. झील नको. तुम्हीच पूर्ण ओळ म्हणा." आणि मी म्हटली. दोन दिवस अक्का काचेच्या बाहेर झांजा मांडीवर घेऊन बसली होती. झांजांची पुरचुंडीसुद्धा तिनं सोडली नाही. पुढे बाजारात झीलपेटी आली. आपण ओळ म्हणावी आणि पेटीनं झील द्यावी, कधी उशीर नाही, कधी घसा बसणं नाही. मी हौसेनं घेतली. अक्का एकदाच म्हणाली, "पेटीला जेवाय वाढतीस का गं कार्यक्रम झाल्यावर?" त्यानंतर ती गाण्याला आली नाही. सहा वर्षं मी पेटीबरोबर गात होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी पडवीतूनच ओरडत सुटले. "डॉक्टर! ओ पटेलबाई!"

डॉक्टर धावत आल्या. त्यांना वाटलं अक्काला काही झालं.

"तिला गाणं येत नाही, तिला झील येतीय," मी म्हणाले. "तुमची टोपी अख्खं गाणं हुडकायलीय. अख्खं गाणं तिच्या डोक्यात कधी नव्हतंच. अर्धं तिच्यात हाय, अर्धं माझ्यात. उद्या मी समोर बसून म्हणते. अर्धी ओळ म्हणून गप बसते."

डॉक्टर विचारात पडल्या. "आजी, अडचण आहे. ध्वनिमुद्रण असलं की कुठला शब्द कुठल्या क्षणाला येणार ते यंत्राला आधी ठाऊक असतं. तुम्ही जिवंत गाणार, कधी लवकर, कधी उशिरा. टिचकी कुणाच्या भरवशावर मारू?"

"हिच्या श्वासाच्या," मी म्हणाले. "बघा तरी."

मी अर्धी ओळ म्हटली आणि थांबले. अक्काची छाती भरली. डॉक्टरांनी अक्काच्या छातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"छातीचा पट्टा! श्वास मोजायचा पट्टा!" त्या म्हणाल्या आणि वळून पळत सुटल्या. चपला पडवीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बारावी बैठक. अक्काच्या डोक्याला टोपी, छातीला पट्टा, पट्ट्याची तार यंत्राला. संदीपान भिंतीला टेकून उभा. मी तुणतुणं घेतलं आणि अक्काच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले. झीलपेटी मी आणलीच नव्हती.

"सात कोसावरनं वाट तुझी..." मी म्हटलं आणि थांबले.

अक्काची छाती भरली. ओठ हलले. काही नाही.

"उजेड," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आजी, पुन्हा."

"सात कोसावरनं वाट तुझी..."

अक्काने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड मिटून घट्ट धरलं होतं. गप्प बसायला मला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं. दोन्ही ओठांच्या मागे ती उरलेली अर्धी ओळ धडका देत होती.

"सात कोसावरनं वाट तुझी..."

"पा... ऊल," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्याची उजवी बाजू मधाच्या पोळ्याला आग लागावी तशी उजळली होती.

"सात कोसावरनं वाट तुझी..."

"पाऊल... नाही थकत गं!"

संदीपान भिंतीपाशीच खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं त्यानं. मी थांबले नाही. आता थांबणं मला जमलंच नसतं. वीसदा म्हटलं, तीसदा म्हटलं, आणि दर वेळी अक्काची झील आदल्या वेळेपेक्षा स्वच्छ. सुरात, ठेक्यात, ती माझी जुनी झील! टोपी टिचक्या मारत होती, यंत्र बारीक गुणगुणत होतं.

"बाई, पुढचं कडवं घेऊ?" मी डॉक्टरांना विचारलं.

"घ्या, घ्या!"

मी उचललं, "उंबऱ्याशी माझ्या दिवा तुला..."

अक्काने तोंड मिटून घेतलं.

मला वाटलं दमली. मी पुन्हा म्हटलं, "उंबऱ्याशी माझ्या दिवा तुला..."

अक्काने माझ्या तुणतुण्याच्या तारेवर हात ठेवला. तार बंद झाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मान ताठ झाली, डोळे मोठे झाले, ओठ दोनदा उघडून मिटले.

"चु... क... लीस," ती म्हणाली. "केवळे."

केवळा हे माझं नाव. शहाऐंशी दिवसांत कुणी ते तसं घेतलं नव्हतं.

"काय चुकलं अक्का?"

"पर... डी." तिनं श्वास घेतला. "परडीचं कडवं... कुठंय?"

खरंच! पाऊलवाटेच्या कडव्यानंतर परडीचं कडवं येतं, मग दिव्याचं. परडी भरल्याशिवाय दिवा लावायचा नसतो. सहा वर्षं मी पेटीबरोबर गात होते, कधीतरी ते कडवं गळालं, आणि पेटीने मुकाट झील दिली. पेटी थांबवत नाही. तिला दोष लागत नाही.

"आजी, हे शब्द गाण्यातले आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं. "चुकलीस, कुठंय, हे गाण्यात आहे?"

"नाही हो बाई. ते माझ्यासाठी हाय."

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. झील देताना उजवी बाजू उजळत होती. पण अक्काने मला थांबवलं त्या क्षणी उजेड डावीकडे गेला होता, मेलेल्या भागाच्या काठाकाठानं, एक बारीक नवी रेघ काढत. टोपीने तिथे एकही टिचकी मारली नव्हती. ती वाट अक्काने स्वतः पाडली होती, मला रागवायला.

नांदेडला टोपी एक दिवस उशिरा गेली, आणि तिच्याबरोबर छातीचा पट्टाही गेला.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे नुसती धांदल. मी रोज अक्कासमोर बसून गायची आणि मुद्दाम चुकायची. पहिल्या महिन्यानंतर मुद्दाम चुकलेलं ती ओळखायला लागली आणि "ढोंगी" हा शब्द तिला आला. वर्षभरात ती पूर्ण वाक्यं बोलत होती. जोडाक्षरं अडायची, बाकी सगळं ठीक. ग्रामसेवकाच्या हातात पुन्हा बंद फोन दिसू लागला.

डॉक्टर पटेलांनी हे सगळं लिहून काढलं आणि ठिकठिकाणच्या रुग्णालयांत रीत बदलली. पूर्वी विचारायचे, पेशंटला कुठलं गाणं आवडतं? आता विचारू लागले, तो कुणाबरोबर गायचा? कुणाच्या मागे? मग शोधाशोध. उदगीरचा एक सनईवाला मुका झाला होता, त्याच्यासाठी सूर धरणारा म्हातारा जोडीदार हैदराबादेहून आणला. दोन भाऊ अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. धाकटा भजनात थोरल्याच्या मागे म्हणायचा. थोरला आला, दारात उभा राहिला, आणि आत यायच्या आधीच दारातून पहिली ओळ उचलली. माझ्यासमोर झालेलं आहे हे.

लोक घाबरलेही. आपली अर्धी ओळ कुणापाशीच नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात आलं. कानात ज्याचं त्याचं वेगळं गाणं वाजत असायचं ना तेव्हा. मग गावोगाव, सोसायट्यांत, कचेऱ्यांत माणसं जमून गायला लागली. आमच्याकडेही पुण्याहून एक मोटार भरून बायका आल्या. वैद्यकीय सल्ल्यानुसार आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं सामूहिक गायन करतो, असं म्हणाल्या. अक्काने ऐकून घेतलं.

"गोळी घेतल्यासारखं गातेत बाया," त्या गेल्यावर ती म्हणाली. "आमी काय डोकं दुरुस्त व्हावं म्हणून गात होताव व्हय?"

"मग कशाला गात होता अक्का?" डॉक्टर पटेल तिथेच बसल्या होत्या, त्यांनी विचारलं. आता त्याही अक्काच म्हणायच्या.

"देवीला ऐकू जावं म्हणून. आन् ही एकटी पुढं गेली तर चुकंल, म्हणून मागं कुणीतरी पायजे. तुमच्या टोपीत ते बसलं, चांगलं झालं. पण टोपी नव्हती तवाबी गाणं हुतंच की."

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. ज्यांचं मागं-पुढं गाणारं कुणी उरलेलंच नाही, अशांसाठी त्यांना एक नवी पेटी करायची होती. अर्धी ओळ सोडून थांबणारी, आणि अधूनमधून चुकणारी. त्यासाठी माझा आवाज हवा होता. मी दोन दिवस झोपले नाही. एकदा आवाज देऊन मी अक्काला काचेबाहेर बसवलं होतं. पुन्हा तेच करायचं का? शेवटी अक्कालाच विचारलं.

"दे की," ती म्हणाली. "एकट्या माणसानं काय करावं? पर पेटीला चुकायला शिकवावं लागंल. तुला शिकवावं लागलं नाही."

डॉक्टर हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

या वेळी काचेच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. अक्काच्या झांजा वाजल्या. तिथल्या मुलीने विचारलं, "मागचा आवाज वेगळा घेऊ का?" अक्का म्हणाली, "मागचा कोणता, ते आधी ठरीव."

त्या पेटीने शंभरातल्या चाळीस माणसांना वाचा आली. समोर जिवंत माणूस असलं की ऐंशीला येते. मधल्या चाळीसांचं काय, ते डॉक्टर पटेल अजून शोधतात. पेटी चुकते ती मुद्दाम, हे माणसाला कुठंतरी कळत असावं, असा त्यांचा अंदाज आहे.

माझी झीलपेटी मी देऊन टाकली. आठ वर्षं अक्का पुन्हा माझ्या मागे उभी राहिली, नंतर नंतर खुर्चीत बसून. वह्यांतल्या दोनशे बारा गाण्यांपैकी एकोणीस गाण्यांत मी पेटीबरोबर गाताना गळती केली होती, ती सगळी तिनं भरून घेतली. शेवटच्या आठवड्यात ताप होता तरी गाऊन घेतलं आणि मला दोनदा थांबवलं. आता मागे संदीपानची बायको उभी राहते. आवाज चांगला आहे. मला थांबवायची हिंमत तिला अजून होत नाही, म्हणून मी रोज तिच्यासमोर रियाजाला बसते आणि मुद्दाम चुकते.

इंदरबाई साहेबराव गुंड, वय ब्याऐंशी, मंगळवार, १२ सप्टेंबर २०५१ रोजी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या घरी वारली. नऊ वाजेपर्यंत बोलत होती.